पन्नास लाखांची ऑक्टाविया नको, पण जुनी स्पोर्टी गाडी हवी? आधी मोबाइल लावून बघा

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने ऑक्टाविया आरएस परत भारतात आणली. गाड्या फक्त १००, एक्स-शोरूम किंमत ४९ लाख ९९ हजार, आणि तरी सगळ्या गेल्या. त्याआधी मे महिन्यात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणली होती, ५३ लाखांच्या आसपास. दोन्हींत दोन लिटरचं टर्बो इंजिन, दोन्हींची ताकद २६५ पीएस. रील्समुळे या गाड्या परळीतल्या पोरांनाही तोंडपाठ झाल्या. पण तोंडपाठ होणं वेगळं आणि दारात उभी राहणं वेगळं.

गंमत अशी की ऑक्टाविया हे नाव मराठवाड्याला नवीन नाही. २००१ पासून ही गाडी शेंद्रा एमआयडीसीत, म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ जोडली जायची. पोलो चाकणला बनायची, फियाट पुंटो रांजणगावला. चालवायला मजा येते अशा बऱ्याच गाड्या आपल्याच राज्यातून बाहेर पडल्या, आणि एकेक करून बंदही झाल्या. आता त्या मिळतात त्या जुन्या बाजारात. म्हणून मला सारखा येणारा प्रश्न असा असतो: बजेट आठ-दहा लाख, रोजचं ऑफिस नाही, रविवारी अंबाजोगाई, धारूर, फार तर कपिलधारपर्यंत चक्कर. मागे आई-बाबा बसले तर त्यांची पाठ दुखू नये. कोणती घेऊ?

मॉडेलवर येतोच. पण खरं सांगायचं तर मॉडेल हा दुसरा प्रश्न आहे. शौकाची जुनी गाडी घेताना आपण लोखंडापेक्षा तिचा इतिहास विकत घेत असतो. आधीच्या मालकाने तिला कसं पळवलं, ती कुठे ठोकली, कुणाच्या कर्जात अडकली, कोणत्या पुरात उभी होती. विक्रेता यातलं निम्मं सांगतो. उरलेलं निम्मं आता खिशातल्या फोनवर बऱ्यापैकी काढता येतं, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

बाजारात काय हललं

२२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन गाड्यांचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या २८ टक्के अधिक सेसवरून थेट १८ टक्क्यांवर आल्या. मोठ्या गाड्या सरसकट ४० टक्क्यांवर आल्या आणि सेस गेला. नवीन गाडी स्वस्त झाली की तिचीच दोन वर्षं जुनी बहीण आपोआप स्वस्त व्हायला हवी. होतेही. त्यामुळे एखादा विक्रेता अजून जुन्या ऑन-रोड किमतीचा हिशोब मांडून "एवढीच तर घसरण धरलीय" म्हणत असेल, तर त्याला आजची नवीन किंमत दाखवा.

बंद पडलेल्या गाड्यांना मात्र हे गणित लागू होत नाही. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पुंटोचं त्याच्याही आधी. त्यांची नवीन किंमतच अस्तित्वात नाही, म्हणून त्यांचा भाव कर ठरवत नाही, चाहते ठरवतात. चांगली ठेवलेली पोलो जीटी आजही विक्रेते हट्टाने भाव धरून विकतात.

जुन्या गाडीवरच्या जीएसटीबद्दलही एक गैरसमज अजून फिरतोय. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या जीएसटी परिषदेत जुन्या गाड्यांच्या विक्रीवरचा कर सरसकट १८ टक्के झाला, आणि सोशल मीडियावर ओरड झाली की आता तोट्यात गाडी विकली तरी कर भरायचा. तसं नाही. हा कर नोंदणीकृत डीलरने भरायचा, आणि तोही फक्त त्याच्या नफ्यावर. डीलरने सहा लाखांना घेऊन साडेसहाला विकली तर ५० हजारांवर १८ टक्के, म्हणजे ९ हजार. तुम्ही शेजारच्या काकांकडून थेट घेतली तर काहीच नाही. डीलर साडेसहा लाखांवर १८ टक्के लावून बिल वाढवत असेल तर सरळ उठून या.

मग घ्यायची कोणती?

आधी एक नियम डोक्यात ठेवा: जुन्या गाडीची किंमत घसरते, तिच्या पार्ट्सची घसरत नाही. २०१७ ची ऑक्टाविया आरएस २३० शोरूममध्ये २४ लाख ६२ हजारांना होती. आज ती कितीलाही मिळाली, तरी तिचे ब्रेक, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स पंचवीस लाखांच्या गाडीच्याच दराने मिळणार. गाडी म्हणून तिच्यासारखी दुसरी नाही. २३० पीएस, ५९० लिटरची डिकी, सहा गिअरची ओल्या क्लचची डीएसजी, आणि मागे तीन माणसं आरामात. पण ज्याच्याकडे गाडीच्या किमतीबाहेर आणखी दोन-तीन लाख बाजूला पडून आहेत, त्यानेच तिच्याकडे बघावं.

अबार्थ पुंटोवर माझा जीव आहे हे लपवत नाही. २०१५ मध्ये ९ लाख ९५ हजारांना १४५ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, तेव्हा असं कुणीच देत नव्हतं. स्टीअरिंग हातात घेतलं की रस्ता तळव्याला जाणवतो. पण फियाटचा धंदा इथून उठला आहे, गाडी कडक आहे, आणि काही पार्ट्ससाठी महिना-महिना वाट बघावी लागते. पुण्यात घर असेल, ओळखीचा मेकॅनिक असेल तर जरूर घ्या. परळीत राहून एकुलती एक गाडी म्हणून नको.

पोलो जीटी टीएसआयमध्ये दोन वेगळ्या गाड्या लपल्या आहेत आणि जाहिरातीत दोन्हींवर एकच नाव असतं. २०१३ ते २०२० ची गाडी १.२ लिटर इंजिनाची, तिला कोरड्या क्लचची सात गिअरची डीएसजी. ही गिअरबॉक्स चालते तेव्हा लोण्यासारखी, पण तिचं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं की बिल बघून माणूस गप्प बसतो. गिअर आपोआप बदलायला लागणारा कॉम्प्युटर आणि हायड्रॉलिक पंप एकाच डब्यात असल्यामुळे शक्यतो तो अख्खा डबाच बदलावा लागतो. २०२० नंतरची गाडी १.० लिटर, ११० पीएसची, आणि तिला साधा टॉर्क कन्व्हर्टर असलेला सहा गिअरचा ऑटोमॅटिक. हेच इंजिन पुढे टायगुन, कुशाक, व्हर्टस, स्लाव्हियामध्ये गेलं, म्हणजे पार्ट्स अजून बरीच वर्षं मिळणार. दोन लाख जास्त द्यावे लागले तरी दुसरीच घ्या. मागच्या सीटवर पाय आखडतात, तेवढं आई-बाबांना आधी बसवून बघा.

बलेनो आरएस (मार्च २०१७, तेव्हा ८ लाख ६९ हजार) लोक विसरले. १.० बूस्टरजेट, १०२ पीएस. मागे जागा भरपूर, आणि हेच बूस्टरजेट कुटुंब २०२३ मध्ये फ्रॉन्क्समध्ये परत आल्यामुळे मारुतीचा मेकॅनिक त्याला घाबरत नाही. टियागो जेटीपी (ऑक्टोबर २०१८, ६ लाख ३९ हजार) खूप कमी विकली गेली, पण तिचं टर्बो इंजिन मुळात नेक्सॉनच्या पेट्रोलचं. कमी बजेटमध्ये सगळ्यात जास्त खोडकर हीच. आणि २०२१ ची आय२० एन लाइन, १२० पीएस, चारही डिस्क. तिच्यात वेड कमी आणि शहाणपण जास्त. परळीत राहणाऱ्याला माझं पहिलं मत तिलाच, दुसरं १.० लिटरच्या पोलोला.

ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४ वगैरे दोन दारांच्या जुन्या गाड्या कधी कधी मोहात पाडतील अशा किमतीला दिसतात. दिसू द्या. गोव्यात बनलेली छोटीशी सॅन स्टॉर्म कुठे मिळाली तर ती जपून ठेवण्याची वस्तू आहे, रविवारी चालवण्याची नाही.

आराम टायरच्या कडेवर मोजायचा

टायरवर तीन आकडे असतात. २२५/४० आर१८ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ४० टक्के, रिम १८ इंच. गुणाकार करा: कडेला फक्त ९० मिलिमीटर रबर. आय२० एन लाइन आणि बलेनो आरएसला १९५/५५ आर१६ येतो, म्हणजे १०७ मिलिमीटर. फरक १७ मिलिमीटरचा, पण खड्ड्याचा पहिला दणका हेच रबर खातं. ते संपलं की रिम वाकतं, आणि वाकलेलं अलॉय पाण्यासारखे पैसे नेतं. आपल्याकडे गुळगुळीत सिमेंटचा रस्ता संपतो, गावाचा फाटा लागतो, आणि पांढरा पट्टा नसलेला गतिरोधक अचानक समोर येतो. तिथे ९० मिलिमीटरवाल्याची पुढची बाजू घासते. म्हणून विक्रेत्याने हौसेने मोठी अलॉय टाकली असतील तर खुश होऊ नका. कंपनीची मूळ चाकं मागून घ्या, नाहीतर तेवढे पैसे कमी करा.

त्याच टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर २८ हजार किलोमीटर दाखवतंय आणि २०१६ च्या गाडीला २०२३ चे चार नवे टायर आहेत, तर एवढ्या कमी रनिंगमध्ये पहिले टायर संपले कसे, एवढाच प्रश्न विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

आता फोन काढा

एप्रिल २०१३ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं आहे. स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ डोंगल पाचशे-हजार रुपयांपासून मिळतो. अँड्रॉइडवर टॉर्क किंवा कार स्कॅनर अशी अ‍ॅप चालतात. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल चालत नाही, वायफाय किंवा बीएलईवाला घ्या. ज्याने पुण्यातून किंवा लातूरहून गाडी बघायला बोलावलंय, त्याला आदल्या दिवशी एकच सांगा: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, इंजिन थंड हवं.

सगळे लोक एकच गोष्ट बघतात, एरर कोड आहे का. कोड नसला की आनंद. पण कोड पुसणं हे दहा सेकंदांचं काम आहे, त्याच पाचशे रुपयांच्या डोंगलने. गाडी विकायच्या आदल्या संध्याकाळी कोड पुसून ठेवणारे भरपूर आहेत. म्हणून कोडपेक्षा दोन दुसऱ्या जागा बघायच्या.

पहिली, रेडिनेस मॉनिटर. गाडीचा कॉम्प्युटर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या स्वतःहून चाचण्या घेत असतो. कोड पुसले की या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि अ‍ॅपमध्ये "अपूर्ण" दिसतात. त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं नेहमीचं ड्रायव्हिंग लागतं. दुसरी, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा. गाडी "रोजच्या वापरातली" आहे म्हणतात, एरर कोड शून्य, पण पुसल्यापासून फक्त १४ किलोमीटर? मग दिवा कोणता लागत होता, हे विचारल्याशिवाय पुढे बोलू नका. अलीकडे बॅटरी काढली असेल तर काही गाड्यांत असंच दिसतं, तेव्हा विक्रेत्याला चोर म्हणायच्या आधी बॅटरीचं बिल मागा आणि आठवड्याने परत बघा. खरा माणूस आठवडा थांबतो.

तिसरं, फ्युएल ट्रिम. इंजिन ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी सोडतंय, तो हा आकडा. जुन्या यूट्यूब व्हिडिओत पाचच्या वर गेला की गडबड असं सांगतात. आपल्याकडे आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि इथेनॉल जळायला हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, ई२० ला साधारण १३.५. जुन्या हिशोबाची गाडी हा फरक पेट्रोल थोडं जास्त सोडून भरून काढते, त्यामुळे लाँग टर्म ट्रिम पाच ते आठ टक्के प्लसमध्ये दिसला तर दचकू नका. पंधरा-वीस दिसला तर मात्र कुठेतरी हवा गळतेय किंवा इंजेक्टर चोंदलाय.

मीटर मागे फिरवलंय का, हे साध्या ओबीडीवर बहुतेक गाड्यांत कळत नाही. स्कोडा-फोक्सवॅगनच्या गाड्यांत वेगवेगळे कंट्रोल युनिट आपापल्या कोडसोबत त्या वेळचे किलोमीटर लिहून ठेवतात. व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हनसारखं कंपनीविशेष साधन लावलं की डॅशबोर्डवर ४२ हजार आणि गिअरबॉक्सच्या जुन्या कोडवर ७१ हजार, असला विनोद बघायला मिळतो. असं साधन असलेला मेकॅनिक शोधून एक तास भाड्याने घ्या, पैसे वसूल होतील.

जाता जाता रिमॅपबद्दल. टर्बो गाड्यांच्या शौकिनांत "स्टेज वन" हा शब्द अभिमानाने सांगितला जातो. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला पेट्रोल, हवा आणि टर्बोच्या दाबाचा तक्ता बदलून ताकद वाढवायची. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला ते आकर्षक वाटतं. पण तो तक्ता बदलताना कंपनीने ठेवलेली सुरक्षेची मोकळीक खाल्ली जाते, आणि क्लच-गिअरबॉक्स तेच जुने राहतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. विम्याच्या क्लेमच्या वेळी हे सगळं बाहेर येतं. आणि विकायच्या आधी मूळ फाइल परत टाकली तरी अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर आपल्यावर किती वेळा फ्लॅशिंग झालं ते मोजून ठेवतो.

एका चासी नंबरची गोष्ट

डीसी अवंती आठवते? भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून २०१२ च्या ऑटो एक्स्पोत गाजलेली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी कंपनीच्या संस्थापकांनाच अटक केली. आरोप असा होता की एकाच चासी आणि इंजिन नंबरवर एकापेक्षा जास्त नोंदणी झाली आणि त्याच गाड्यांवर कर्जं उचलली गेली. आरोप तो आरोपच, निकाल आपण देणार नाही. पण एवढ्या नावाजलेल्या गाडीबाबत असा संशय येऊ शकतो, तर एजंटकडच्या आठ वर्षं जुन्या पोलोचं काय घेऊन बसलात!

चासी नंबर चार ठिकाणी जुळवा: आरसीवर, गाडीच्या लोखंडावर कोरलेला, विम्याच्या कागदावर, आणि चौथा फोनवर. ओबीडी अ‍ॅपमध्ये "वाहन माहिती" उघडली की बहुतेक गाड्यांत इंजिनच्या कॉम्प्युटरमधला १७ अक्षरांचा क्रमांक येतो. पत्र्यावरचा घासून बदलणारे आहेत, कॉम्प्युटरमधला बदलायचा विसरतात. दोन्ही वेगळे निघाले तर एकतर कॉम्प्युटर दुसऱ्या गाडीचा आहे किंवा गाडी दुसरीच आहे. दोन्ही वेळा घरी या.

त्यानंतर एमपरिवहनमध्ये नंबर टाकून नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि फायनान्सरचं नाव बघा. बँकेचं नाव दिसत असेल तर "कर्ज कधीच फिटलं" हे तोंडी चालत नाही, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. राज्याच्या ई-चलान पोर्टलवर थकलेले दंडही तपासा. शौकाच्या गाड्यांवर स्पीडचे दंड साठलेले असतात, आणि त्यांची संख्या हाही गाडीच्या इतिहासाचा एक पुरावाच समजा. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी पाटी बसलेली हवी. महाराष्ट्रात तिची चारचाकीची किंमत ७४५ रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे, पण ती नसली तर मालकी बदलताना आरटीओत अडकाल. दिल्लीकडची गाडी स्वस्त दिसेल, कारण तिथे दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आहेत. पण तिला तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच-४४ चा नवा नंबर लागणार, तो खर्च आधी मांडा.

आपल्या भागात सर्रास चालणारी एक पद्धत म्हणजे सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३०. मूळ मालक सही करून देतो, एजंट गाडी फिरवतो, मध्ये दोन-तीन हात बदलतात, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी त्याने कधीची का विकलेली असेना. विकणाऱ्याला हे समजलं तर तोच ट्रान्सफरची घाई करेल. घेणाऱ्याला उलटी भीती आहे: आठ लाख देऊन कागदावर गाडी दुसऱ्याची. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना पोर्टलवर द्यावी लागते. त्या काळापुरता तो गाडीचा मालक मानला जातो. डीलरला हे प्रमाणपत्र दाखवायला सांगा. "ते सगळं होतंय" हे उत्तर म्हणजे नाही.

विमाही तुमच्या नावावर हवा, १४ दिवसांच्या आत अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो त्या माणसाचा असतो.

ऊस, पूर आणि राख

ई२० वरून २०२५ मध्ये बराच गदारोळ झाला. त्याविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली, म्हणजे पंपावर हेच पेट्रोल राहणार. नीती आयोगाच्या २०२१ च्याच अहवालात लिहिलं आहे की शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई१० ला जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्के घटू शकतं. रविवारच्या गाडीला मायलेजची फार फिकीर नसते. टर्बो इंजिनाला तर इथेनॉलमुळे वाढलेला ऑक्टेन आवडतोच. अडचण वेगळी आहे. शौकाची गाडी उभी जास्त राहते, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि २०२३ च्या आधीच्या अनेक गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. तेव्हा अर्धी टाकी ठेवून महिनाभर गाडी झाकून ठेवू नका. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे अंबाजोगाईपर्यंत, इंजिन नीट तापेल असं चालवा. बॅटरीही जिवंत राहील. घेताना पेट्रोलच्या पाइपांवर चिरा आहेत का, बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो का, हे बघा. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलला शिव्या देणं आपल्याला तसंही शोभत नाही.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव, लातूरमध्ये गावंच्या गावं पाण्यात होती. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, अत्तर मारून बाजारात येते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाकडच्या भागावर चिखलाची रेघ किंवा कुबट वास असेल तर पाणी सीटपर्यंत चढलं होतं. सीटखालचे स्क्रू आणि वायरिंगचे जोड गंजलेत का, तेही फोनची टॉर्च मारून बघा. बुडालेल्या गाडीचा कॉम्प्युटर सहा महिने ठीक चालतो आणि मग एकेक दिवा लावत जातो.

परळीकरांना राखेबद्दल मी वेगळं काय सांगू. थर्मलची राख बारीक आणि खरखरीत असते. सुक्या फडक्याने गाडी पुसली की रंगावर जाळी उमटते, त्यामुळे आधी पाणी सोडा. एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर उघडून बघा. टर्बो हवा ओढून घेतो, त्याच्या पंख्याला धूळ सोसत नाही.

टेस्ट ड्राइव्ह परळीहून अंबाजोगाईच्या चढणीवर घ्या, एसी चालू ठेवून, चार माणसं बसवून. अ‍ॅपमध्ये कूलंटचं तापमान समोर ठेवा. नव्वदच्या आसपास स्थिर राहिलं तर छान, चढावर एकशे दहाच्या पुढे सरकत गेलं तर परत फिरा. आणि एक फेरी अंधार पडल्यावरही मारा. कारखाने सुरू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे रिफ्लेक्टर नाही, लाल दिवा नाही. अशा वेळी १२० पीएसपेक्षा हेडलाइट आणि ब्रेक कामाला येतात. जुन्या गाडीच्या हेडलाइटची काच पिवळी पडलेली असेल तर ती बदलण्याची किंमत विचारून घ्या आणि टोकन देण्याआधीच सौद्यातून वजा करा.